रोज अर्धा तासच मिळतो, तर स्पॅनिशचे शब्द आणि व्याकरण दोन्ही कसं बसवावं?

पहिली दहा मिनिटं जुने शब्द, मगच नवे, तेही आठ-दहाच. उजळणी दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी. नाम कधीही सुटं पाठ करू नका. 'एल प्रोब्लेमा' (समस्या), 'ला मानो' (हात) असं पुल्लिंगी एल किंवा स्त्रीलिंगी ला लावूनच म्हणा, कारण शेवटी आ म्हणजे स्त्रीलिंग, ओ म्हणजे पुल्लिंग असं ओळखायला गेलात की नेमके हेच शब्द फसवतात.

उरलेल्या वेळात एकच क्रियापद सहा रूपांत (मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते), प्रत्येकाचं वाक्य मोठ्याने. नुसता तक्ता घोकलात तर बोलताना आठवत नाही.

'आवडणे' मात्र इंग्रजीवरून शिकू नका! 'मला पुस्तकं आवडतात' तसंच 'मे गुस्तान लोस लिब्रोस'; पुस्तक एकच असेल तर 'गुस्ता'. इंग्रजीमार्गे गेलेले 'आय लाइक'वरून हमखास 'यो (मी) गुस्तो' असं चुकीचं म्हणतात.