बाबांचे लाल केस म्हणजेच अर्धा रिपोर्ट

जीन टेस्ट केली की मुलीला स्किन कॅन्सर होणार का ते आधीच कळेल ना? मी मेलबर्नला जेनेटिक काउन्सेलर आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, हल्ली आपले मराठी आईबाबाही विचारतात. म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगी २० वर्षांची, गोरी, केस तपकिरी, सोबत आई. मावशीला साठीनंतर मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा स्किन कॅन्सर, झालेला, वेळेत काढला, ती बरी आहे. आईला टेस्ट हवीच होती. मुलगी म्हणाली, रिपोर्ट क्लीन आला तर मी गोल्ड कोस्टच्या बीचवर बिनधास्त टॅन करणार, आत्तापासून थोडा बेस टॅन करतेय म्हणजे तिथे भाजणार नाही. आणि तिने खांद्यावरची पट्टी सरकवून दाखवली, पट्टीखाली दुधासारखी कातडी आणि बाजूला तांबूस तपकिरी, त्यावर बारीक बारीक फ्रेकल्स.

मी वंशवेल काढायला घेतली. बाबांच्या केसांचा रंग विचारला तर म्हणाली, लालभडक होते, आता पिकले. मी पेन खाली ठेवलं. लाल केस बहुतेक वेळा एमसी१आर या जीनच्या दोन्ही कॉपी बदललेल्या असल्या की येतात, म्हणजे त्यातली एक हिच्याकडे आलेलीच असणार, स्वतःचे केस लाल नसले तरी, आणि एका कॉपीनेही धोका थोडा वाढतो. यासाठी थुंकीचं किट कशाला हवं?

मग टॅन म्हणजे काय ते कागदावर काढून दाखवलं. ऊन पेशीतला डीएनए तोडतं, ती पेशी शेजारच्या रंगपेशीला निरोप धाडते आणि तो निरोप घेणारं दार म्हणजे हेच एमसी१आर. दार नीट चाललं तर गडद मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य, बनतं आणि ते डीएनएवर छत्रीसारखं बसतं, दार बिघडलेलं असलं तर लालसर पिवळं बनतं, ते फारसं वाचवत नाही. पण दोन्हीकडे डीएनए आधी तुटलेलाच असतो गं, टॅन त्यानंतर येतो. आणि बेस टॅनचं संरक्षण म्हणाल तर जेमतेम ३-४ एसपीएफ. तिने पट्टी गुपचूप वर ओढली.

सोलॅरियमचंही, म्हणजे मशीनवर टॅन करून देणाऱ्या दुकानांचंही, विचारलं तिने. इथे क्लेअर ऑलिव्हर नावाची मुलगी २००७ मध्ये मेलॅनोमाने गेली, वय २६, जाण्याआधी ती टीव्हीवर येऊन सोलॅरियमविरुद्ध बोलली होती. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २००९ मध्ये टॅनिंग मशीन तंबाखूच्याच गटात टाकली आणि आमच्या व्हिक्टोरिया राज्यात २०१५ पासून असली दुकानंच बंद आहेत. मला क्लेअरचं नाव घेताना अजूनही गलबलतं.

मोठ्या धोक्याच्या जीनची, म्हणजे सीडीकेएन२ए वगैरेची टेस्ट आम्ही सुचवतो ती घराण्याच्या एकाच बाजूच्या बऱ्याच जणांना मेलॅनोमा झाला असेल किंवा जोडीला स्वादुपिंडाचा कॅन्सर असेल तेव्हा. इथे तसं नव्हतं. बाकी जे छोट्या छोट्या जीन्सची बेरीज करून स्कोअर देतात ते शक्यता सांगतात, तारीख नाही, आणि लो रिस्क म्हणजे उन्हात लोळायची परवानगी तर अजिबात नाही. ते स्कोअर बहुतेक युरोपियन वंशाच्या लोकांवरून बांधलेत, त्यामुळे आपल्या पोरांना ते नीट लागूही होत नाहीत. आपल्यात मेलॅनोमा कमी, पण होतो तेव्हा बरेचदा तळव्याला नाहीतर नखाखाली, आणि तिथे कोण बघतं? नखात नवी काळी रेघ आली, रुंद होत चालली तर डॉक्टरला दाखवा.

मुलीला सांगितलं, यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ३ किंवा वर असला की फुल बाह्यांचा शर्ट, टोपी, सनस्क्रीन, आणि बदलणारा तीळ दिसला की जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. तिने तिथेच फोनवर यूव्हीचं अ‍ॅप टाकलं, त्या दिवशी ११ दाखवत होतं.

आई अजून टेस्टवरच अडलेली. मी विचारलं, मावशी म्हणजे तुमची सख्खी बहीण ना? तुमची कातडी शेवटची कुणी तपासली? ती गप्प. मुलीपेक्षा तुमचं नातं जवळचं, आधी तुम्ही जा, म्हटलं. मुलीनेच आईचा फोन घेतला आणि माझ्यासमोर तिची अपॉइंटमेंट लावली, गुरुवारची.