अकरा वर्षांच्या मुलीला बॅडमिंटनसाठी पुण्याला पाठवावे का?

तुम्ही विचारले आहे की, जळगावात जिल्हा स्पर्धा जिंकणारी तुमची 11 वर्षांची मुलगी आंतरराष्ट्रीय खेळाडू व्हावी यासाठी तिला आत्ताच पुण्याच्या अकादमीत घालावे का. मी भुसावळची. 1996 मध्ये, मी चौदा वर्षांची असताना, आमचे घर याच प्रश्नापाशी अडले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमच्या हॉलमध्ये वर्षभर नायलॉनच्या शटलनेच सराव चालत असे. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या शटलची पिसे ठिसूळ होऊन चार फटक्यांत तुटतात, मग पैसे पाण्यात कशाला घालायचे, असे आमच्या प्रशिक्षकांचे म्हणणे होते आणि रेल्वेत नोकरी करणाऱ्या माझ्या वडिलांना, अण्णांनाही ते पटले होते. महाराष्ट्र एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मी पुण्याला निवड स्पर्धेसाठी गेले आणि तिथे पिसांच्या शटलने खेळताना 11-2, 11-1 अशी हरले. पिसांचे शटल रॅकेटवरून सुटते ते वेगाने, पण पुढे एकदम मंदावून जवळजवळ सरळ खाली उतरते. मी सवयीने जिथे पोहोचत होते, त्याच्या हातभर अलीकडे ते पडत होते. नेटजवळ तर ते गिरक्या घेत माझ्या रॅकेटच्या कडेला लागे. नायलॉनला असे काही करताना मी कधी पाहिलेच नव्हते.

परत आल्यावर प्रशिक्षकांनी घरी येऊन अण्णांना सांगितले की मुलीत जिगर नाही, आणि लहान गावातून हे होतही नाही. अण्णांनी विश्वास ठेवला. दहावीचे कारण पुढे करून माझा खेळ बंद झाला. मी शटलविषयी बोलले, तेव्हा ती सबब ठरली. ती सबब नव्हती, हे मी आजही ठामपणे सांगते. ठिसूळ पिसांवर उपाय तेव्हाही साधा होता: आदल्या रात्री डबा उघडून पिसांना काही सेकंद वाफ द्यायची आणि झाकण लावून ठेवायचा. गरम हवेत शटल जास्त लांब जाते, म्हणून आपल्याकडे 77 ऐवजी 76 किंवा 75 क्रमांकाचे, म्हणजे थोडे संथ शटल घ्यायचे. एवढी तसदी कोणी घेतली नाही.

लहान गावाचे म्हणाल, तर सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी 1956 मध्ये मलायात (आजचा मलेशिया) सेलांगरची स्पर्धा जिंकली आणि परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. चौदाव्या वर्षीच्या एका पराभवावरून खेळाडूचा निकाल लावणाऱ्यांनी बॅडमिंटनपटू पुलेला गोपीचंद यांच्याकडे पाहावे. गुडघ्यावर शस्त्रक्रिया होऊनही त्यांनी 2001 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकली.

आता तुमच्या मुलीविषयी. आंतरराष्ट्रीय क्रमवारीत मागील 52 आठवड्यांतील सर्वोत्तम 10 स्पर्धांचे गुण धरले जातात. ते मिळवण्यासाठी आधी इंटरनॅशनल सिरीज आणि चॅलेंज या खालच्या पायरीच्या स्पर्धा खेळत देशोदेशी फिरावे लागते. तिथे पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती बहुधा बक्षिसाचे पैसे लागत नाहीत; विमान, व्हिसा, राहणे, सगळे सुरुवातीला घरचेच असते. ऑलिम्पिकच्या महिला एकेरीत एका देशाच्या जास्तीत जास्त दोघीच जाऊ शकतात, त्याही दोघी क्रमवारीत पहिल्या सोळात असतील तरच. हा खर्च आणि ही वर्षे झेपणार का, याचा हिशेब पुण्याच्या फीपेक्षा आधी करा. शाळा मात्र सोडवू नका.

एक गोष्ट मला प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. निवड स्पर्धेत मला हरवणारी पुण्याची ती मुलगी माझ्यापेक्षा सरस होती आणि पिसांच्या शटलने सराव झाला असता तरी कदाचित मी हरलेच असते. पण मग माझे काय चुकले ते मला कळले असते. शिवाय बरोबरीच्या दहा-बारा मुली रोज समोर असणे हा अकादमीचा मोठा फायदा आहे, आणि तो आपल्याकडे सहज मिळत नाही, हेही खरे.

म्हणून तुमच्या प्रशिक्षकांना उद्याच विचारा, मुलगी आठवड्यातले किती दिवस पिसांच्या शटलने खेळते. उत्तर देताना टाळाटाळ झाली, तर या सुट्टीत तिला महिनाभर पुण्याला घेऊन जा. अकादमीचा निर्णय त्यानंतर घ्या, आणि तिथे ती हरली, तर का हरली हे आधी तिलाच विचारा.