क्रूझ जहाज बंदराला न लागता समुद्रात एका जागी कसं उभं राहतं?

तुमच्या सहलीत दोन ठिकाणी जहाज धक्क्याला लागणार नाही, लहान बोटींतून किनाऱ्यावर नेणार आहेत. तेवढा वेळ जहाज ‘नुसतं उभं’ कसं राहतं, नांगरावर की इंजिनावर, आणि गुडघे दुखणाऱ्या आईला बोटीत चढता-उतरता येईल का, असं तुम्ही विचारलंय. ‘नुसतं उभं’ हे शब्द वाचले आणि लिहायला बसलो. मी अकरा वर्षं क्रूझ जहाजांवर डेक ऑफिसर होतो आणि हेच शब्द माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून अनेक वर्षं ऐकतोय.

नांगर आणि इंजिन, दोन्ही प्रकार चालतात. तळ वाळूचा किंवा चिखलाचा आणि पाणी बेताचं खोल असेल तर नांगर. पण नांगर तळात रुतून राहायला साखळीचा काही भाग तळावर आडवा पडलेला असावा लागतो, म्हणून खोलीच्या पाच-सहा पट साखळी सोडतात. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाला ज्वालामुखीच्या विवरात पाणी भरलंय, तळ काही ठिकाणी 300 मीटरहून खोल आहे, तिथे साखळी पुरणार कशी? प्रवाळ असलेल्या किनाऱ्यांवर तर नांगर टाकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. जहाज वाऱ्याबरोबर फिरतं, साखळी तळावरून फरफटत जाते आणि शेकडो वर्षांत वाढलेलं प्रवाळ एका दुपारी भुईसपाट करते. अशा जागी जहाज थ्रस्टरवर, म्हणजे त्याला आडवं ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यांवर धरायचं.

आता तो दिवस सांगतो.

जहाज 290 मीटर लांब, खोली 40 मीटर, आम्ही आठ शॅकल साखळी सोडली होती. एक शॅकल साडेसत्तावीस मीटरची, म्हणजे 220 मीटर. दादा आणि वहिनी त्या फेरीला प्रवासी म्हणून आले होते. मी थर्ड ऑफिसर, पाण्यालगत उघडणाऱ्या दाराशी, बोटींच्या प्लॅटफॉर्मवर. सकाळी वारा जमिनीवरून येत होता, समुद्र शांत. दुपारपर्यंत सहाशेच्या वर माणसं किनाऱ्यावर गेली, त्यांत हे दोघेही.

दीडच्या सुमारास वारा फिरला आणि किनाऱ्याला समांतर वाहू लागला. त्याच वेळी खुल्या समुद्राकडून स्वेल यायला लागला, म्हणजे दूरच्या वादळातून निघालेली लांब, संथ लाट. नांगरावरचं जहाज वाऱ्याकडे नाक करून राहतं, लाट मात्र आमच्या कुशीवर येत होती. बोट प्लॅटफॉर्मला लागली की दीड मीटर वर, दीड मीटर खाली. मधली फट कधी वीतभर, कधी माणूस जाईल एवढी. एका बाईंचा पाय घसरला, आम्ही दोघांनी दंड धरून त्यांना आत ओढलं. मी ब्रिजला, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीला कळवलं आणि बोटी थांबवल्या.

कॅप्टननं आधी नांगरावरच जहाज तिरकं करायचा प्रयत्न केला. नाक साखळीनं धरलेलं असतं, त्यामुळे मागचे थ्रस्टर चालवून शेपूट फिरवायची आणि प्लॅटफॉर्मच्या बाजूला आडोसा करून द्यायचा. पण शेपूट फिरली की वाऱ्याला कूस मिळते. तीनशे मीटर लांब आणि पन्नास मीटर उंच भिंतीवर 20 नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे 37 किलोमीटरचा वारा आडवा लागला तर साधारण शंभर टनांचा रेटा येतो. वारा दीडपट झाला की रेटा सव्वादोन पट होतो. नांगर घसरायला लागला. मागे उथळ पाणी होतं.

तेव्हा कॅप्टननं नांगर उचलायचा हुकूम दिला. आठ शॅकल वर यायला पंचवीस मिनिटं लागली. मग जहाज अर्धा मैल बाहेर नेऊन, स्वेल आणि वारा दोन्ही पलीकडच्या कुशीवर घेऊन थ्रस्टरवर धरलं. आमच्या बाजूला पाणी तळ्यासारखं नाही झालं, पण माणसं उतरवण्याइतकं निवळलं.

धक्क्यावर उभ्या असलेल्यांना यातलं काय दिसलं? नाकाशी लावलेला काळा गोळा खाली उतरला. तो नांगरावर असल्याची दिवसाची खूण असते. मग जहाज किनाऱ्याला पाठ करून निघालं. रांगेत शिडाच्या होड्यांचा शौक असलेले एक गृहस्थ होते, त्यांना गोळ्याचा अर्थ माहीत होता. ते मोठ्यानं म्हणाले, नांगर उचलला, जहाज चाललं. वहिनी रडायला लागल्या, दादानं आमच्या खलाशाची कॉलर धरली. सव्वा तासानं पहिली बोट परत गेली आणि अंधार पडायच्या आत शेवटचा माणूस जहाजावर आला. दादा प्लॅटफॉर्मवर उतरला तेव्हा मीच त्याला हात दिला. तो माझ्याशी बोलला नाही.

तेव्हापासून घरात चार माणसं जमली की दादाचं ठरलेलं वाक्य असतं: ‘नुसतं उभं राहायचं होतं, तेही जमलं नाही, आम्हाला टाकून निघाले होते.’ तो थोरला, म्हणून मी गप्प बसत आलो. इथे बसत नाही. त्या दिवशी जहाज नांगरावरच ठेवलं असतं तर सहाशे माणसं रात्रभर धक्क्यावर राहिली असती, नाहीतर आम्ही त्यांना त्या फटीवरून उड्या मारायला लावलं असतं. दादा, ते जहाज तुला घ्यायलाच हललं होतं.

‘नांगराशिवाय जहाज उभं राहूच शकत नाही’ हेही त्याचंच म्हणणं. 1961 साली कस वन नावाच्या जहाजानं साडेतीन हजार मीटरहून खोल पाण्यावर, चार फिरत्या प्रोपेलरांच्या जोरावर एका जागी राहून तळाला भोक पाडलं होतं, आणि तेही माणसानं हातानं चालवून. आज हे काम संगणक करतो. जीपीएसवरून जागा, गायरो कंपासवरून दिशा आणि सेन्सरवरून वारा कळतो. एवढ्यावरूनही जहाज सरकत राहिलं तर उरलेला रेटा प्रवाहाचा धरायचा. मग नाकाजवळचे आडवे थ्रस्टर आणि शेपटीखालचे, गोल फिरणारे पॉड (प्रोपेलर बसवलेले डबे) यांना किती जोर लावायचा हे तो ठरवतो. येणाऱ्या प्रत्येक लाटेशी तो झगडत नाही, तसं केलं तर यंत्रं झिजतील. हळूहळू होणारं वाहवणंच तो थोपवतो. नांगर न टाकता असं धरलेलं जहाज जागेवर असलं तरी समुद्री नियमांत ‘चालतं’ जहाज धरतात. ब्रिजवर एकालाही पाठ टेकायला मिळत नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. धक्क्यावरच्या लोकांना काय चाललंय ते सांगायला हवं होतं. आमच्या माणसांना रेडिओवर कळलं होतं, प्रवाशांना कुणीच सांगितलं नाही. ती चूक आमचीच होती आणि दादाचा राग तेवढ्यापुरता खरा आहे. शिवाय सगळ्याच जहाजांवर अशी यंत्रणा नसते. जुन्या जहाजांवर थ्रस्टर दुबळे असतात, तिथला कॅप्टन सरळ बंदर रद्द करतो. तुमचं रद्द झालं तर काउंटरवरच्या पोरांवर ओरडू नका.

आईंबद्दल: सकाळच्या पहिल्या बोटींत जा आणि शेवटच्या बोटीची वाट न बघता लवकर परता, कारण बऱ्याच किनाऱ्यांवर दुपारनंतर वारा वाढतो. बऱ्याचदा या बोटी म्हणजे जहाजाच्या लाइफबोटीच असतात, पायऱ्या अरुंद असतात, म्हणून आईंच्या हातात पिशवी देऊ नका. खलाशी पंजा धरत नाही, कोपराखाली धरतो. आईंनीही त्याचा हात तिथेच धरायचा आणि तो ‘आता’ म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. बोट वर येऊन क्षणभर थांबते, पाऊल तेव्हा टाकायचं. चाकाची खुर्ची लागत असेल तर आधीच विचारून घ्या, लाटा असतील तर नाही म्हणतात. आणि धक्क्यावरून जहाज हलताना दिसलं तर आईंना सांगा की प्लॅटफॉर्मची बाजू बदलत असतील, आणि रांग सोडू नका.