गोदामातले उंदरांचे पिंजरे पावसाळ्यात कसे ठेवावेत?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला छावणी मंडीजवळ धान्याचं गोदाम आहे. गहू उचलला की सोयाबीन येईपर्यंत तीसेक पिंजरे आणि काही लाकडी चाप कोपऱ्यात रचलेले असतात, आणि दसऱ्याच्या सुमारास काढावेत तर निम्मे गंजलेले, दारं अडकलेली. माझ्या मते यात दोष पावसाचा कमी आणि रचण्याचा जास्त. जस्ताचा मुलामा दिलेल्या ओलसर जाळ्या एकमेकींना टेकल्या की मधे हवा खेळत नाही. तिथे आधी पांढरी भुकटी धरते, मुलामा जातो, मग लोखंड गंजतं. वरच्या ओझ्याने चौकट जराशी वाकली तरी दार पुरतं मिटत नाही.

धुणं मे महिन्यातच उरकून घ्या. रबरी हातमोजे हवेतच, उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. सुकलेल्या लेंड्या झटकू नका, आधी भिजवा. साबणाच्या पाण्याने धुतल्यावर एक भाग ब्लीच नि दहा भाग पाणी शिंपडून पाच मिनिटं थांबा, आणि मग साध्या पाण्याने चांगलं खळबळून काढा. तारेवर राहिलेलं ब्लीचच गंज चढवतं. तारेचा ब्रश फक्त गंजल्या जागी, नाहीतर उरलेलं जस्तही खरवडून निघतं. दोन दिवस कडक ऊन द्या. सगळ्यात उशिरा सुकतात ती स्प्रिंगची वेटोळी आणि आमिषाच्या आकड्याचं वळण; तिथे बोट लावून बघा.

तेल शिलाई मशीनचं, बिजागरीला एक थेंब, स्प्रिंगला एक, आणि वरून कोरडं फडकं. सोयाबीन तेल नको, ते हवेने चिकट होतं आणि मुंग्या लागतात.

स्प्रिंग ताणलेली ठेवली तर ढिली पडते, म्हणून दार मिटलेलं आणि चाप सुटलेला असू द्या. भिंतीपासून वीतभर पुढे लोखंडी सळई बसवून पिंजरे कड्याने टांगा, दोघांत दोन बोटं अंतर ठेवून. नरसाळ्यासारख्या तोंडाचे असतील त्यांच्या तोंडावर पत्र्याचा तुकडा बांधा. आमिष नसलं तरी चिचुंद्री आत शिरते, बाहेर पडू शकत नाही आणि मरून कुजते. चाप दहा-दहाच्या जुड्या करून सुतळीने टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत लाकडातली ओल कोंडते, आणि बारदानात तर उंदीरच घर करतात. खताच्या पोत्यांपासून सगळंच लांब हवं. युरिया हवेतलं पाणी ओढून घेतो.

पाच-सहा पिंजरे मात्र दाराशी, भिंतीलगत लावलेलेच ठेवा. रिकाम्या गोदामातही फटींत दाणे असतात.

सोयाबीन यायच्या आठवडाभर आधी पिंजरे खाली काढा आणि लगेच चाप चढवू नका. उंदीर नव्या वस्तूला आणि वासाला बिचकतो. पहिल्या तीन रात्री दार सुतळीने उघडं बांधून आत भज्याचा तुकडा ठेवा. तुकडे जायला लागले की चौथ्या रात्री सुतळी सोडा.