वाचकांचे प्रश्न : दुपारची झोप सुटली, मावशींची विश्रांतीही गेली

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. मी बँकेत नोकरी करते आणि माझे पती कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. मुलगी साडेतीन वर्षांची असून ती बारा वाजता बालवाडीतून परत येते. मुलगा दीड वर्षाचा आहे. दोघांना सांभाळायला मावशी सकाळी साडेनऊ ते सायंकाळी साडेसहा या वेळेत येतात. गेले दोन महिने मुलगी दुपारी झोपेनाशी झाली आहे, आणि थोपटून झोपवलीच तर रात्री अकरापर्यंत जागते. तिने धाकट्याला उठवू नये म्हणून मावशी तिच्या हाती मोबाइल देतात, हे मला परवा समजले. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, पोरगी झोपत न्हाई, मला जेवायलाबी सवड गावत न्हाई. पगार तरी वाढवा." सासूबाई तासगावहून फोनवर बजावतात की मुलांनी दुपारी झोपलेच पाहिजे. ही सवय पुन्हा लावावी का? आणि मावशींची मागणी रास्त आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपला दुसरा प्रश्न मी आधी घेते, कारण पहिल्याचे उत्तर सोपे आहे.

मावशींची मागणी रास्त आहे. आपण त्यांना कामावर ठेवले तेव्हा त्या नऊ तासांत दीड-दोन तासांची शांतता गृहीत होती, मात्र ती कोणी बोलून दाखवली नव्हती. त्या वेळात त्या जेवत असतील, पाठ टेकत असतील, आणि बहुधा कपड्यांच्या घड्या किंवा संध्याकाळची भाजी निवडणे ही वरकामेही तेव्हाच उरकत असतील. मुलीची झोप गेली त्याबरोबर हे सारे गेले, पगार मात्र तोच राहिला. हातात मोबाइल देणे चुकीचे आहे, पण त्यामागे आळसापेक्षा थकवाच अधिक असावा, असे मला पत्र वाचून वाटते. तेव्हा एखाद्या रविवारी त्यांना चहाला बोलावून कामांची यादी नव्याने ठरवा. स्वयंपाकघरातील कामे मुलगी बालवाडीत असते त्या सकाळच्या वेळात जातील तेवढी जाऊ द्या, उरलेली आपण दोघांनी उचला. आणि ती मावशींनीच करावीत अशी अपेक्षा असेल तर त्यांचे पैसे वेगळे द्या.

आता झोपेविषयी. बहुतेक मुलांची दुपारची झोप तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुटते, त्यामुळे साडेतीन वर्षे हे काही अवेळी वय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत 10 ते 13 तास झोप हवी, आणि दुपारची डुलकी त्यातच धरलेली आहे. आपली मुलगी रात्री अकराला झोपून बालवाडीसाठी सातला उठत असेल, तर दुपारचा दीड तास धरूनही बेरीज साडेनऊच होते. जागेपणी शरीरात साठत जाणारी झोपेची ओढ दुपारी खर्च झाली, की रात्री ती पुरेशी उरत नाही. तीच मुलगी दुपारी न झोपता रात्री साडेआठला झोपली, तर साडेदहा तास सलग मिळतील. सासूबाईंना हा हिशेब सांगून पाहा. तासगावच्या माणसांना हिशेब पटतो, असा माझा अनुभव आहे.

अडचण साडेआठची आहे. आपल्याकडे जेवणेच नऊला होतात. निदान काही महिने मुलीचे ताट साडेसातला वाढावे लागेल, आणि दूरदर्शन संच तिच्या झोपेनंतर लावावा लागेल. सहाच्या सुमारास ती पेंगायला लागेल, तेव्हा तिला स्कूटरवर पुढे उभी करून फिरवू नका. एक तर ते धोक्याचे, आणि दुसरे, त्या पंधरा मिनिटांच्या डुलकीने पुन्हा अकरा वाजतील. त्याऐवजी ऊन उतरल्यावर मावशींना दोघांना घेऊन जवळच्या मैदानावर जाऊ द्या, आणि सुट्टीच्या दिवशी आपण त्यांना आमराईत न्या.

दुपारी धाकटा झोपला की मुलीने तासभर चटईवर शांत बसावे. झोपण्याची सक्ती नको, फक्त आवाज नको. जाड खडू आणि जुन्या कॅलेंडरची मागची बाजू, चित्रांची पुस्तके, मोज्यांच्या जोड्या लावणे, शेंगांतून मटार सोलणे, यांत मुली रमतात. मटार मात्र धाकटा उठण्यापूर्वी उचलून ठेवावेत, कारण दीड वर्षाच्या मुलाच्या घशात ते अडकू शकतात. पहिल्या दिवशी ती दहा मिनिटेच बसेल. तेवढ्यावर समाधान मानून दर दोन-तीन दिवसांनी वेळ वाढवावी. मावशींनी त्याच वेळी तिच्या शेजारी बसून जेवावे. मोबाइल या तासात पूर्ण बंद. वरील सूचनांनुसार या वयात दिवसभरात मिळूनही पडद्यासमोर बसणे एका तासाहून अधिक नसावे, कमी असेल तितके चांगले.

झोप एका दिवसात सुटत नाही. बालवाडीत स्नेहसंमेलनाची तालीम झाली, सर्दीताप आला, की ती दुपारी आपणहून लवंडेल. त्या दिवशी झोपू द्या, मात्र तीनच्या आत उठवा. ताप असेल तर उठवूही नका. धाकट्याची झोप याच्याशी जोडू नका. ताई जागी आहे म्हणून तोही जागायचा हट्ट धरेल, पण त्याला दुपारची झोप अजून बराच काळ लागणार आहे, म्हणून त्याला वेगळ्या खोलीत, जेवणानंतर लगेच झोपवावे.