बापाचं कौतुक, आईची झडती

"मॅडम, घरात बाप नाही म्हणून माझा मुलगा बिघडतोय का?" स्नेहा (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) हा प्रश्न शाळेतून घेऊन आली होती. घटस्फोट झालेला, मुलगा चौथीत. त्यानं वर्गात एकाला ढकललं, तर बाईंनी पहिलंच विचारलं, "घरी मिस्टर नसतात ना?"

तिच्याच सोसायटीत पत्नी वारलेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या लेकीच्या वेण्या वेड्यावाकड्या दिसल्या की "बिचारे, एकटे किती करणार!" शेजारून डबाही जातो. स्नेहाच्या मुलाच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं तर "आई असून लक्ष नाही." रात्री तिला सोडायला ऑफिसची गाडी आली की खिडक्या उघडतात, ते वेगळंच.

अर्थात त्या गृहस्थांचं सगळं सुखात चाललंय असं समजू नका. असे वडीलही माझ्याकडे येतात. मुलगी वयात येऊ लागली की "तिला मावशीकडे ठेवा" असा धोशा नातेवाईक लावतात. बाल न्याय कायद्याखाली एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी दत्तक घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मात्र मुलगी मिळत नाही. मूल सांभाळणं बाईचंच काम, हे एकदा धरून चाललं की पुरुषाच्या वाट्याला कौतुक येतं, भरवसा येत नाही. आणि बाईनं केलेलं तर कुणी मोजतच नाही.

स्नेहाला मी सांगितलं, मुलांना त्रास होतो तो सततच्या भांडणांचा, पैशांच्या ओढाताणीचा, घर-शाळा पुन्हा पुन्हा बदलण्याचा. घरात माणसं किती, यावरून मूल कसं वाढेल ते ठरत नाही. बाईंपुढे घटस्फोटाची कैफियत मांडू नकोस. एवढंच विचार, कधी ढकललं, कुणाला, त्याआधी काय झालं?

उत्तर साधं निघालं. मधल्या सुट्टीत एक मुलगा रोज "तुझे पप्पा कुठायत?" म्हणून चिडवायचा. बाईंनी त्यालाही समज दिली, त्याच्या आईशीही बोलल्या.

बँकेत मात्र घोडं अजून अडलंय. मुलाच्या नावच्या एफडीसाठी वडिलांची सही मागतात, आणि वडील फोनही उचलत नाहीत. बाप हयात असूनही मुलाची जबाबदारी घेत नसेल तर आई नैसर्गिक पालक ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं गीता हरिहरन खटल्यात १९९९ सालीच सांगितलंय. त्या निकालाची प्रत घेऊन ती सोमवारी मॅनेजरला भेटणार आहे.