मंदी आली की परदेशी मालकीच्या कंपन्या आधी पळतात का? देशी कंपनीच्या भरवशावर राहिलेलं बरं का?

‘गोरा पळतो, आपला माणूस टिकतो’ हे वाक्य आमचे दाजी 2008 पासून प्रत्येक लग्नात ऐकवतात. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

भोसरीत माझं गाड्यांचे सुटे भाग बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. तेव्हा दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन) होत्या, त्यातली एक कर्जावर. गिऱ्हाइकंही दोनच. एक चाकणची, जर्मन मालकीची. दुसरी पिंपरीकडची, अस्सल देशी, जिथे दाजी परचेसला होते. (ऑर्डर त्यांनीच मिळवून दिली, ते नाकारत नाही.) सप्टेंबरात लेहमन बुडाली तेव्हा वाटलं, अमेरिकेतली बँक, आपलं काय जातंय? दिवाळीनंतर जर्मनांचं शेड्यूल, म्हणजे महिन्याला किती माल हवा त्याचा कागद, आलं: महिन्याला 12,000 पिनांच्या जागी 3,000. पोटात गोळा आला. पण जेवढा माल गेला त्याचे पैसे पंचेचाळिसाव्या दिवशी खात्यात. वर त्यांचा क्वालिटीचा माणूस येऊन म्हणाला, मशीन रिकामी आहे तोवर नवीन पार्टचं सँपल काढून ठेव. पुढच्या उन्हाळ्यात त्याच पार्टने मला उभं केलं.

देशी कंपनीने शेड्यूल एका पिनेनेही कापलं नाही. माल घेत राहिले, ‘आपण घरचेच’ म्हणत राहिले, चेक मात्र आठ महिने आला नाही. छोट्या उद्योगांसाठीचा 2006 चा कायदा पंचेचाळीस दिवसांत पैसे द्या म्हणतो. तो दाखवणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळत नाही, हे एमआयडीसीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पोरांच्या पगारासाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. शेवटी पैसे आले ते 1,80,000 ची डेबिट नोट (बिलातून पैसे वळते केल्याचा कागद) कापून. कारण काय, तर रिजेक्शन. रिजेक्ट झालेला एकही नग मला परत मिळाला नाही. त्या आठ महिन्यांत दाजींचा फोन कायम ‘मीटिंगमध्ये’.

आता पळण्याचं. जनरल मोटर्सने 2017 अखेर इथली विक्री थांबवली, तळेगावात निर्यातीच्या गाड्या काढल्या आणि डिसेंबर 2020 मध्ये तेही बंद केलं. चिनी ग्रेट वॉलला प्लांट विकायचा करार सरकारी परवानगीत अडकून बारगळला. ह्युंदाईच्या ताब्यात तो आला जानेवारी 2024 मध्ये. मधली वर्षं कामगारांनी काय खाल्लं, हे डेट्रॉइटच्या हेड ऑफिसात कोणी विचारलं नसेल. फोर्डनेही 2021 मध्ये तेच केलं. पण दोघींच्या गाड्या इथे खपतच नव्हत्या, संकट नसतं तरी त्या गेल्याच असत्या. आणि 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बंद पडून तिथे टॉवर उभे राहिले, ते मालक काय गोरे होते?

माझं मत सरळ आहे. मालकाचा पासपोर्ट बघू नका. माल खपतो कुठे आणि अडीअडचणीला पैसा येतो कुठून, ते बघा. इथल्या बँकांनी हात आखडला तरी जर्मनांच्या मागे मूळ कंपनीची तिजोरी होती, माझ्या देशी गिऱ्हाइकाच्या मागे माझीच उधारी. शेअर बाजारातला परदेशी पैसा वेगळा, मार्च 2020 मध्ये तो बघता बघता निघून गेला. कारखान्यातली पाचशे टनी प्रेस कोणी तशी खांद्यावर टाकून नेत नाही.

हे सगळं गाड्यांच्या धंद्यापुरतं, बरं का. आयटीत लॅपटॉप मिटला की कंपनी गेली, तिथलं मला विचारू नका. आणि मूळ कंपनीच बुडाली तर तिजोरीचा काही उपयोग नाही, कोरियाच्या देवू या गाड्यांच्या कंपनीचं तसंच झालं. देशी मालकांतही वेळेवर पैसे देणारे आहेत, सध्या माझं निम्मं काम तसल्याच एकाचं आहे.

दाजी आता रिटायर झालेत. ताईने शपथ घातलीय, येत्या लग्नात विषय काढायचा नाही. मी काढणार नाही, पण ती डेबिट नोट अजून फाइलला आहे.